तीन सेकंद, पाचशे फूट

एका इंजिनाचं छोटं विमान स्पिनमध्ये गेलं की त्याची एक गिरकी साधारण ३ सेकंदांत पुरी होते आणि तेवढ्यात ते सुमारे ५०० फूट खाली आलेलं असतं. अमेरिकेच्या नागरी विमान वाहतूक प्रशासनाचं वैमानिकांसाठीचं पाठ्यपुस्तक हाच आकडा देतं. ५०० फूट म्हणजे पन्नास मजली इमारत. ती ३ सेकंदांत उतरायची तर मिनिटाला १०,००० फूट, ताशी १८० किलोमीटरहून जास्त वेग लागतो, तोही थेट खाली. प्रवासी जेट विमान उतरताना मिनिटाला दीड-दोन हजार फुटांनी खाली येतं. पॅराशूट न उघडता पोटावर पडणारा स्कायडायव्हर ताशी १९०-१९५ किलोमीटरने पडतो. म्हणजे पंख शाबूत आहेत, इंजिन चालू आहे, टाकीत इंधन आहे, कुठेही काही तुटलेलं नाही, तरी ते विमान जवळजवळ माणसाच्या वेगाने कोसळत असतं.

आता याच्याशेजारी दुसरा आकडा ठेवू. उतरण्यापूर्वी छोटी विमानं धावपट्टीच्या कडेने साधारण १,००० फुटांवरून आयताकृती फेरी घेतात. त्या फेरीतलं शेवटचं वळण, जे घेतलं की धावपट्टी समोर येते, ते ५०० फुटांच्या आसपास असतं. तिथे स्पिन सुरू झाली तर वैमानिकाजवळ फक्त एक गिरकी शिल्लक आहे. ती थांबवायला आणि नंतर नाक वर उचलायला लागणारी उंची यात धरलेलीच नाही. अशा जागी कौशल्य आणि अनुभव दोन्ही अपुरे पडतात, कारण हिशेबच जुळत नाही. त्यामुळे स्पिनचं ज्ञान दोन वेगळ्या प्रकारचं असावं लागतं: खाली ती होऊच कशी द्यायची नाही, आणि वर, भरपूर उंची हाताशी असताना, तिच्यातून बाहेर कसं यायचं.

स्पिन समजायची तर आधी स्टॉल समजायला हवा. वेग कमी झाला की स्टॉल होतो, असं बहुतेकांना वाटतं. वेगाचा त्यात हात असतो, पण निर्णय कोनाचा असतो. पंख समोरून येणाऱ्या हवेला ज्या कोनात भिडतो तो साधारण १५ ते १८ अंशांपर्यंत वाढवत नेला तर उचलही वाढत जाते. त्यापुढे पंखाच्या वरच्या पृष्ठाला चिकटून वाहणारी हवा सुटते, उचल ढासळते आणि रोध झपाट्याने चढतो. वेग ५० नॉट असो की १५०, विमान सुलटं असो की उलटं, नाक आकाशाकडे असो की जमिनीकडे, हा कोन ओलांडला की स्टॉल झालाच.

सरळ उडताना ५० नॉटला, म्हणजे ताशी ९३ किलोमीटरला, स्टॉल होणारं विमान घेऊ. उंची न सोडता ४५ अंश कलून वळलं तर पंखांवर विमानाच्या वजनाच्या १.४१ पट भार येतो आणि तेच विमान ६० नॉटला स्टॉल होतं. ६० अंश कललं की भार दुप्पट आणि स्टॉल ७१ नॉटला. ७५ अंशांना भार ३.८६ पट आणि स्टॉल ९८ नॉटला. स्टॉलचा वेग भाराच्या वर्गमुळाने वाढतो. भार चौपट झाला की वेग दुप्पट. शेवटच्या वळणावर धावपट्टी निसटतेय असं वाटून जो वैमानिक विमान जास्त कलवतो आणि स्टिक, म्हणजे नाक वर-खाली करणारा दांडा, जास्त ओढतो, त्याचा सुरक्षित वेग त्याच्या नकळत असा २०-२२ नॉटांनी वर सरकलेला असतो. वेगदर्शक काट्यावर मात्र त्याला मघाचाच आकडा दिसत असतो.

या ७५ अंशांच्या वळणाकडे आणखी एका कारणासाठी थांबून बघायला हवं. सर्वसाधारण प्रकारच्या छोट्या विमानाची बांधणी ३.८ जी भारासाठी केलेली असते. एक जी म्हणजे आपलं रोजचं वजन, दोन जी म्हणजे त्याच्या दुप्पट. ७५ अंशांचं ते सपाट वळण ही मर्यादा ओलांडतं. कसरतीच्या विमानांची किमान मर्यादा अधिक ६ आणि उणे ३ जी. स्पर्धांमध्ये उतरणारं एक्स्ट्रा ३०० एकट्या वैमानिकासह अधिक-उणे १० जी सोसतं. मर्यादेच्या दीडपट भार ३ सेकंद मोडून न पडता पेलण्याची अट विमान बनवणाऱ्यावर असते, पण तो भार आल्यावर सांगाडा कायमचा वाकला तरी नियमाला चालतं. ती दीडपट वैमानिकासाठी राखलेली शिल्लक आहे असं धरून चालणारा माणूस पुढच्या वैमानिकाच्या हाती वाकलेलं विमान सोपवत असतो.

५० नॉटला ३.८ च्या वर्गमुळाने गुणलं तर ९७ येतात. या वेगाच्या खाली स्टिक कितीही जोरात ओढली तरी पंख मोडण्याआधी स्टॉल होतो आणि भार आपोआप उतरतो. सेसना १७२ च्या एका जुन्या मॉडेलच्या पुस्तिकेत पूर्ण वजनासाठी नेमका हाच वेग, ९७ नॉट, छापलेला आहे. पण हे संरक्षण एका वेळी, एका दिशेने, एकदाच केलेल्या हालचालीपुरतं आहे. १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कहून निघालेल्या अमेरिकन एअरलाइन्सच्या ए३०० विमानात, पुढच्या विमानाने ढवळलेल्या हवेत, रडर, म्हणजे शेपटीच्या उभ्या पंखाचा हलता भाग, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुन्हा पुन्हा फिरवला गेला. शेपटीचा उभा पंख तुटून पडला. विमानातले २६० आणि जमिनीवरचे ५ लोक गेले. वेग त्या मर्यादेच्या आतच होता.

स्टॉल दोन्ही पंखांना सारखा झाला तर विमान नुसतं नाक टाकतं. पण तेव्हा विमान आडवं घसरत असेल, रडर चुकीचा दाबला गेला असेल, तर एक पंख दुसऱ्याहून जास्त स्टॉल होतो. तो खाली जातो, खाली जाताना त्याचा हवेशी कोन आणखी वाढतो, म्हणून तो आणखी स्टॉल होतो. वर जाणाऱ्या पंखाचं नेमकं उलटं होतं. अशी ही गिरकी स्वतःच स्वतःला फिरवत ठेवते. इंजिनाची तिला गरज नसते. पहिल्या दोनेक गिरक्यांत विमान अजून स्थिरावत असतं. त्यानंतर गिरकीचा वेग, पडण्याचा वेग आणि नाकाचा कोन यांचा तोल बसतो, आणि तिथून बाहेर यायला जास्त उंची लागते.

इथे वैमानिकाचं शरीर त्याच्याविरुद्ध काम करतं. पंख डावीकडे पडला की हात स्टिक उजवीकडे नेतो. त्याने डावा एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी, खाली वळतो, आधीच स्टॉल झालेल्या पंखाचा कोन आणखी वाढतो आणि गिरकी पक्की होते. जमीन समोर मोठी होत जाताना हात स्टिक पोटाशी ओढतो, आणि त्यानेच स्टॉल टिकून राहतो. हे फक्त शिकाऊंचं होतं असं नाही. रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं ए३३० १ जून २००९ ला अटलांटिकवर ३८,००० फुटांच्या आसपास स्टॉल झालं. ती स्पिन नव्हती. वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाने काही वेळ बंद पडल्या होत्या, एवढाच बिघाड. पुढची साडेतीन मिनिटं विमान स्टॉलमध्ये पडत राहिलं. बराच काळ पंखांचा हवेशी कोन ३५ अंशांच्या वर होता, पडण्याचा वेग मिनिटाला १०,००० फुटांच्या घरात, आणि साइड-स्टिक बहुतेक वेळ मागे ओढलेली. २२८ माणसं गेली. मला या अपघातातली सर्वांत हादरवणारी गोष्ट वाटते ती वेळ: साडेतीन मिनिटं, प्रशिक्षित माणसं, आणि हात सतत चुकीच्या दिशेला. अशा अपघातांतून धडा घेऊन युरोपने डिसेंबर २०१९ पासून व्यावसायिक वैमानिकांसाठी ताबा सुटलेलं विमान सावरण्याचं शिक्षण सक्तीचं केलं: वर्गात किमान ५ तास आणि प्रत्यक्ष हवेत, शिक्षकासोबत, किमान ३ तास. भारतात व्यावसायिक परवान्याला २०० तास उड्डाण लागतं. त्या हिशेबाने ३ तास म्हणजे दीड टक्का.

बाहेर पडायची वाट माणसाला सापडली ती एका माणसाच्या हिमतीने. २५ ऑगस्ट १९१२ ला इंग्लंडमध्ये सॅल्सबरीच्या माळावर, लार्कहिलला, लष्करासाठी विमानांच्या चाचण्या चालू होत्या. लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क बंद केबिनच्या अ‍ॅव्हरो विमानात तीन तासांची चाचणी संपवून, सोबतच्या अधिकाऱ्यासह घिरट्या घेत उतरत होता. सुमारे ७०० फुटांवर विमान गिरकीत गेलं. त्या काळी जे माहीत होतं ते सगळं त्याने केलं: थ्रॉटल उघडला, स्टिक मागे ओढली, रडर वळणाच्याच बाजूला दिला. काहीच फरक पडला नाही. गिरकी त्याला बाहेर फेकत होती. त्याने एका हाताने केबिनची दांडी धरली. जमीन अगदी जवळ आल्यावर त्याने रडर उलट्या बाजूला पूर्ण दाबला. विमान तत्काळ सरळ झालं आणि त्याच्या हुकमात आलं. तेव्हा जमीन ५० फुटांवर होती. उतरल्यावर त्याने क्रमवार सगळं सांगितलं, आणि ‘फ्लाइट’ साप्ताहिकाने त्याची बारकाईने चिकित्सा छापली. विमानं नऊ वर्षांची होती, स्पिनने किती माणसं नेली हे कुणी मोजतही नव्हतं, आणि ६५० फुटांच्या त्या घसरणीत एका माणसाने पाठ असलेली उत्तरं संपल्यावर नवं उत्तर करून पाहिलं. त्याच डिसेंबरमध्ये, वेम्बलीजवळ, एका वेगळ्याच अपघातात पार्क गेला.

त्याचा अनुभव सगळ्यांपर्यंत पोचायला मात्र महायुद्ध यावं लागलं. १९१६ च्या सप्टेंबरमध्ये कॉन्स्टंटिन आर्त्सेउलोव्ह या रशियन वैमानिकाने क्रिमियात मुद्दाम स्पिन घालून, सोडवून दाखवली. १९१७ मध्ये फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीत फ्रेडरिक लिंडेमन हा भौतिकशास्त्रज्ञ स्वतः विमान चालवायला शिकला, पुन्हा पुन्हा स्पिनमध्ये गेला आणि गिरक्या चालू असताना उपकरणांवरचे आकडे घेऊन आला. याच वर्षी गॉस्पोर्टला रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांच्या शाळेत शिकाऊ वैमानिकांना धोक्यापासून दूर ठेवण्याऐवजी शिक्षकासोबत धोक्यात नेऊन सोडवणूक शिकवायला सुरुवात झाली. पार्कच्या ७०० फुटांपासून शाळेच्या धड्यापर्यंत पाच वर्षं लागली.

त्या धड्याचं आजचं रूप चार हालचालींत मावतं. थ्रॉटल बंद, कारण चालू इंजिन आणि फिरता पंखा नाक वर उचलून गिरकी सपाट करतात. एलेरॉन मधोमध. रडर गिरकीच्या विरुद्ध बाजूला, पूर्ण, अडेपर्यंत. मग स्टिक पुढे, म्हणजे पंखांचा कोन स्टॉलच्या आत येईल. गिरकी थांबताक्षणी रडर मधोमध, नाहीतर विमान उलट्या बाजूच्या स्पिनमध्ये जातं. आणि मग हळूच नाक वर. क्रमालाही अर्थ आहे: काही विमानांत स्टिक आधी पुढे नेली तर शेपटीचा आडवा पंख रडरवर पडणारी हवा अडवतो, किंवा गिरकी आणखी वेगाने फिरू लागते. पिट्ससारख्या कसरतीच्या विमानांसाठी एरिक म्युलर आणि जीन बेग्ज यांच्या नावाची वेगळी पद्धत आहे: थ्रॉटल बंद, स्टिक सरळ सोडून द्यायची, विरुद्ध रडर. घाबरलेला हात स्टिकवर नसला की बाकीचं विमान करतं. पण ती प्रत्येक विमानाला लागू पडत नाही. शेवटचा शब्द त्या-त्या विमानाच्या पुस्तिकेचा, आणि ती जमिनीवर वाचायची असते.

गिरकी कुठल्या बाजूला आहे हे ओळखणं ऐकायला सोपं वाटतं. पण स्पिन उलटी असेल तर विमानाचं कलणं एका बाजूला आणि नाकाचं फिरणं दुसऱ्या बाजूला दिसतं. डोळा कलण्याकडे ओढला जातो, रडरला मात्र नाकाची दिशा हवी असते. जुन्या पद्धतीचा वळणाचा काटा सुलट्या-उलट्या दोन्ही स्पिनमध्ये खरं सांगतो. त्याच्याशेजारच्या काचेतल्या गोळीवर विसंबू नये. आणि सर्वांत आधी वेगदर्शक पाहावा. काटा खालीच घुटमळत असेल तर स्पिन. काटा चढत असेल तर ते नुसतं खोल घसरतं वळण आहे, पंख स्टॉल झालेलेच नाहीत, आणि तिथे स्पिनचा उपाय केला तर विमान मोडू शकतं.

कान याहून मोठा घात करतो. आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांमधला द्रव शरीर फिरू लागलं की मागे रेंगाळतो, आणि त्या रेंगाळण्यावरून मेंदूला फिरण्याची जाणीव होते. एकाच वेगाने फिरत राहिलं तर १५-२० सेकंदांत द्रव वेग पकडतो आणि फिरण्याची जाणीव मरते. तीन सेकंदांची एक, अशा सहा गिरक्या म्हणजे १८ सेकंद. म्हणजे सहावी गिरकी थांबते तेव्हा कान सांगतो की आता आपण उलट्या बाजूला फिरू लागलो. त्यावर विश्वास ठेवणारा पाय पुन्हा पहिल्या बाजूचा रडर दाबतो. ढगात, क्षितिज दिसत नसताना, या एका चुकीने किती विमानं दुसऱ्यांदा स्पिनमध्ये गेली असतील!

आणि गिरकी थांबली म्हणजे सुटका झाली असंही नाही. नाक अजून जमिनीकडे आहे. हवेचा रोध बाजूला ठेवला तर सरळ खाली जाणाऱ्या विमानाचा वेग दर सेकंदाला ताशी ३५ किलोमीटरने वाढतो. तेवढ्याच जीमध्ये नाक उचलायला लागणारी उंची वेगाच्या वर्गाने वाढते. सेकंदाला ६० मीटर वेगाला साधारण १५० मीटर पुरतात असं धरू. तीन सेकंद हबकून गेले तर वेग ८९ मीटर होतो आणि त्याच उचलीला ३३० मीटर लागतात. त्याआधी त्या तीन सेकंदांत सव्वादोनशे मीटर नुसतेच गेलेले असतात. १५० चे ५५५ झाले. उंची वाचवण्यासाठी जोरात ओढलं तर एकीकडे पंखांची मर्यादा, दुसरीकडे नवा स्टॉल.

कोणतं विमान कुठवर तपासलेलं आहे, हे आकडे मला वैमानिकाच्या परवान्याइतके महत्त्वाचे वाटतात. अमेरिकेच्या जुन्या, अनेक वर्षं चाललेल्या नियमांनुसार सर्वसाधारण प्रकारच्या विमानाने एक गिरकी किंवा ३ सेकंद, यांतलं जे जास्त असेल त्यानंतर, जास्तीत जास्त एका गिरकीत सुटून दाखवायचं असे. कसरतीच्या विमानाने सहा गिरक्यांनंतर दीड गिरकीत. म्हणजे सर्वसाधारण विमान तिसऱ्या गिरकीत गेलं की ते कसं वागेल याची खात्री कुणीच दिलेली नाही. जगात सर्वाधिक बनलेलं विमान, ४४,००० हून अधिक संख्येचं सेसना १७२, मुद्दाम स्पिनसाठी चालतं, पण मागची सीट आणि सामानाचा कप्पा रिकामा असेल तरच. मागे दोन माणसं बसली की गुरुत्वमध्य मागे सरकतो, गिरकी सपाट होत जाते, पंखांचा कोन ६५ अंशांपुढे जाऊ शकतो आणि रडरला हवाच पुरेशी मिळत नाही. तेच विमान, तोच वैमानिक, आणि मागच्या सीटवरच्या दीडशे किलोंनी सगळं बदललेलं. सिरस कंपनीने वेगळा मार्ग घेतला: पूर्ण विमानालाच पॅराशूट. एका गिरकीच्या स्पिनमधून ते उघडायला ९२० फूट लागतात असं तिच्या पुस्तिकेत आहे. शेवटच्या वळणाच्या ५०० फुटांना तेही अपुरं.

कसरतीच्या वैमानिकाला विमानाइतकंच स्वतःचं रक्त मोजावं लागतं. हृदयापासून डोळ्यांपर्यंत रक्ताचा उभा स्तंभ सुमारे ३० सेंटिमीटर. त्याचं वजन पाऱ्याच्या मापात २३ मिलिमीटर. हृदयाशी वरचा रक्तदाब १२० असेल तर बसलेल्या माणसाच्या डोक्याशी तो ९७ उरतो. ४ जीमध्ये रक्त चौपट जड: १२० वजा ९२, उरले २८. डोळ्याच्या आतला दाबच १५-२० असतो, म्हणून पडद्यापर्यंत रक्त ढकलणं अवघड होतं. रंग फिके पडतात, मग कडेने काळोख आत सरकत येतो. ५ जीमध्ये १२० वजा ११५, उरले ५. मेंदूकडे साठवलेला प्राणवायू जेमतेम पाच सेकंदांचा. त्यानंतर शुद्ध जाते. ती हरपल्यावर साधारण १२ सेकंद पूर्ण बेशुद्धी आणि पुढची जवळपास तेवढीच गोंधळाची. चोवीस सेकंद. सेकंदाला ५० मीटरने पडणारं विमान तेवढ्यात १,२०० मीटर खाली येतं. पाय-पोट आवळून, श्वास रोखून-सोडून जोर देण्याच्या सरावाने आणि जी-सूटने आणखी काही जी सोसता येतात. ५ किलोचं डोकं ६ जीमध्ये ३० किलोंचं होतं ते वेगळंच. उलटं उडताना, उणे जीमध्ये, रक्त डोक्याकडे धावतं आणि शरीर रक्तदाब उतरवतं. लगेच पाठोपाठ जोरात ओढलं तर उतरलेल्या दाबावर अधिक जी येतो आणि एरवी सोसणारा आकडाही झेपत नाही. म्हणून कसरतींचा क्रम लावताना कोणती कोणाच्या मागे येते यालाही जीवनमरणाचं महत्त्व आहे.

पण कसरत म्हणजे नेहमी मोठा जी असं मुळीच नाही. ऑगस्ट १९५५ मध्ये सिएटलच्या लेक वॉशिंग्टनवर चाचणी वैमानिक टेक्स जॉन्स्टन यांनी बोइंगच्या चार इंजिनांच्या नमुना जेट विमानाला हजारो प्रेक्षकांसमोर दोनदा संपूर्ण रोल, म्हणजे लांबीच्या अक्षाभोवती पूर्ण फेरा, दिला. पुढे बोइंग ७०७ ज्याच्यातून घडलं, तेच हे विमान. योग्य रीतीने घेतलेल्या अशा रोलमध्ये विमानाला जेमतेम १ जी जाणवतो. कसरतीचे वैमानिक बॉब हूव्हर विमान रोलमध्ये असताना पेल्यात चहा ओतून दाखवत आणि थेंब सांडत नसे. दुसऱ्या टोकाला एक्स्ट्रा ३००: सेकंदाला सुमारे ४०० अंश, म्हणजे पूर्ण रोल एका सेकंदाच्या आत. घड्याळाचा सेकंदकाटा सेकंदाला ६ अंश सरकतो. स्पर्धेची चौकट १,००० मीटर लांब, तेवढीच रुंद. सर्वांत वरच्या गटाला जमिनीपासून १०० मीटरपर्यंत उतरायची मुभा. सेकंदाला १०० मीटरने उडणारा वैमानिक दहा सेकंदांत या टोकाकडून त्या टोकाला. भारतीय हवाई दलाच्या, बिदरच्या सूर्यकिरण कसरत-पथकाची नऊ हॉक विमानं एकमेकांपासून ५ मीटरहून कमी अंतरावर उडतात. ताशी ५०० किलोमीटरला ५ मीटर म्हणजे सेकंदाचा अठ्ठाविसावा भाग.

टोकाचे आकडे वाचले की स्पिन ही एकच एक गोष्ट नाही हे पटतं. २० मार्च २०१६ ला अॅरिझोनातल्या युमावर स्पेन्सर सुडरमन यांनी पिट्सच्या एका प्रायोगिक रूपात सलग ९८ उलट्या सपाट गिरक्या घेतल्या. सुरुवात २४,००० फुटांहून वर. अगदी जमिनीपर्यंत हिशेब धरला तरी एका गिरकीला २५० फुटांच्या आसपास, सुलट्या सेसनाच्या निम्मे. १२ डिसेंबर १९५३ ला चाचणी वैमानिक चक येगर एक्स-१ए या रॉकेट विमानात ध्वनीच्या २.४४ पट वेगाला ताबा घालवून बसले आणि ५१ सेकंदांत जवळपास ५०,००० फूट कोसळले, आधी उलट्या, मग सुलट्या स्पिनमधून. आणि विमान घेऊन परतले. १६ सप्टेंबर १९८५ ला ‘टॉप गन’च्या चित्रीकरणात कसरतीचे वैमानिक आर्ट शोल यांचं पिट्स कॅलिफोर्नियाजवळ समुद्रात गेलं. उलट्या सपाट स्पिनमधून ते बाहेर आलंच नाही, आणि त्यांचा देह किंवा विमान मिळालं नाही. शोल यांनी आयुष्यभर हेच शिकवलं होतं.

स्पिन कागदावर पुरती सोडवता येत नाही. अमेरिकेत लँग्ली इथे १९४१ मध्ये २० फूट रुंदीचा उभा वारा-बोगदा सुरू झाला. खालून वर वाहणाऱ्या हवेत विमानाची छोटी प्रतिकृती हाताने गिरकी देऊन सोडतात आणि ती कशी पडते ते पाहतात. तरीही शेवटी माणसालाच जावं लागतं, शेपटीला स्पिन मोडणारं खास पॅराशूट लावून. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं, तेव्हा सितारा नाव असलेलं प्रशिक्षण जेट ७ मार्च २००३ ला पहिल्यांदा उडालं आणि स्पिनच्या गुणधर्मांपाशी अडलं. शेपटीचा उभा पंख मागे सरकवला, रडर वाढवला. डाव्या आणि उजव्या, दोन्ही बाजूंच्या सहा-सहा गिरक्या जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झाल्या. त्यात १९ वर्षं गेली. हवाई दलाच्या छात्रांना पहिले धडे देण्यासाठी बांधलेलं एचटीटी-४० हे ३१ मे २०१६ ला उडालं आणि पुढे सहा गिरक्यांची परीक्षाही पार पडली. मार्च २०२३ मध्ये अशा ७० विमानांचा सुमारे ६,८०० कोटी रुपयांचा करार झाला. त्यांच्या जुळणीची दुसरी साखळी १७ ऑक्टोबर २०२५ पासून नाशिकजवळ ओझरला सुरू झाली आहे.